पाण्यावरचीचा पाट

ऑफिसला निघालेल्या सुबोधला लिफ्टपर्यंत पोचवायला म्हणून मी तन्मयला खांद्यावर घेऊन बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आले. लिफ्टचं दार मिटलं, आणि परत वळताना कठड्यापाशी माझ्या हातांना वाटलं, सोडून पाहावं. हातांना वाटलं असंच म्हणायला हवं, कारण डोक्यात काही आलंच नव्हतं. राग नव्हता, कंटाळा नव्हता, जागरण होतं पण ते रोजचंच. तळव्यांना घाम फुटला, बोटांतून एक सणक गेली, आणि नऊ मजले खालच्या त्या ओळीत लावलेल्या सायकली, चटई झटकणारा म्हातारा, बसस्टॉपचं छप्पर, सगळं एकदम हाताशी आल्यासारखं झालं. क्षणभरच. मग मी मागे सरले ती थेट आमच्या दाराच्या लोखंडी जाळीवर आपटले. शेजारची चिनी आंटी चपला उन्हात मांडत होती. तिने वर पाहिलं आणि हसून म्हणाली, "बेबी सो हँडसम! बट केअरफुल हां, मॉर्निंग विंड नो गुड लाह." इथे वाक्याच्या शेपटीला ते "लाह" लागतंच. मी म्हटलं, "येस आंटी, थँक यू आंटी." घरात आले, तन्मयला सतरंजीवर ठेवलं आणि त्याच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, चपलांच्या कपाटाला टेकून बसले. सिंगापुरात, बिशानमधल्या फ्लॅटात लांब म्हणजे किती लांब? तो हातपाय झाडत पंख्याकडे बघून हसत होता. आतून सासूबाई आल्या. "काय गं अश्लेषा, दार सताड उघडं टाकून चपलांत काय बसलीस?" मी म्हटलं, "चक्कर आली जरा." त्या म्हणाल्या, "खात नाहीस, मग येणारच," आणि डिंकाचा लाडू आणायला आत गेल्या.

तो मला आवडत नव्हता असं मुळीच नाही. हे आधी सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्याला पहिली शंका तीच येते, आणि मलाही तीच आली होती. लग्नानंतर सात वर्षांनी झालेला मुलगा. लोकांची मुलं नवसाची असतात, आमचा इंजेक्शनांचा होता. माझ्या पोटावर टोचायला जागा उरली नव्हती. त्याच्या टाळूचा वास घेतला की मला अजूनही रडू यायचं. आणि त्याच टाळूवर हात ठेवला की हात थंड पडायचा. त्या सकाळपासून मी घरातली भाजीची सुरी वरच्या कपाटात पिठाच्या डब्यामागे ठेवली आणि भाजी हाताने मोडू लागले. पालेभाज्यांचं निभलं, दुधी भोपळ्यापाशी पंचाईत झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बांबूच्या काठीवर कपडे वाळत घालतात इथे. ती खिडकी मी लावूनच टाकली आणि कपडे घरात पंख्याखाली सुकवले, ते कुबट वासाचे झाले. त्याला अंघोळ घालायची वेळ झाली की माझी पाठ दुखायची. सासूबाई हौसेने पायांवर घेऊन घालायच्या, पण तोंडाचा पट्टा चालूच. "आमच्या वेळी सासवा आराम करायच्या. आता सासवांची बाळंतपणं चालू आहेत!" मीनलला फोनवरही त्यांनी हे ऐकवलं, आणि ती हसली. मीनल म्हणजे दोन ब्लॉक पलीकडे राहणारी माझी मैत्रीण. मीही हसले. आळशी म्हणवून घ्यायला माझी काही हरकत नव्हती. आळशी बाईच्या हातून मूल सुरक्षित असतं.

सांगायचं तर कुणाला? सुबोध चांगला आहे, पण चांगल्या माणसांना वाईट गोष्टी सांगताना फार अवघड जातं. त्याने ऐकलं असतं, फोन काढून त्याबद्दल वाचलं असतं, पांढराफटक पडला असता आणि मग रात्रंदिवस माझ्या हातांकडे बघत राहिला असता. सासूबाई? त्यांनी देवापुढे नारळ ठेवला असता आणि पुण्याला गेल्यावर सगळ्या नात्यात बातमी पोचली असती, न सांगता. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. डॉक्टर होते, पण इथे तर झाडाचं पान पडलं तरी कुणीतरी येऊन उचलून नेतं. मी तोंड उघडलं आणि कुणीतरी हसतमुखाने येऊन तन्मयला उचलून नेलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या बाबतीत ही म्हण खोटी नव्हती, कारण मूठ उघडली की काय होईल याचीच भीती होती.

आणि मग ती बाई यायला लागली. तशी मला ती आधीपासून माहीत होती. इथे आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी नवऱ्याच्या नोकरीच्या पासवर राहणारी, नोकरी नसलेली, मूल नसलेली बाई होते. मिळेल त्या फुकटच्या सहलीला जायचे. ब्रास बसा भागात जुन्या इमारती दाखवणाऱ्या एका बाईने सांगितलं होतं की रस्ते, दिवे, पूल, ते पांढरं चर्च, हे सगळं हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांनी बांधलं. कलकत्त्याहून आणलेले, मद्रासहून आणलेले, मुंबईहून आणलेले. तिथे, जिथे आता पोरं कॉफी पीत लॅपटॉपवर बसतात, तुरुंग होता. चुन्यात अंड्याचा बलक काढून पांढरं घालायचे, साखर घालायचे, आणि तो गिलावा घोटून घोटून भिंतीला लावायचे. कुणीतरी विचारलं, बायका होत्या का? होत्या, थोड्या, ती म्हणाली. बहुतेकींनी नवरा मारलेला, नाहीतर मूल. त्यांची मग इथल्याच एखाद्या कैद्याशी लग्नं लावून द्यायचे. सगळ्यांनी च्‌ च्‌ केलं आणि आम्ही पुढे पराठा खायला गेलो. त्या रविवारी पुण्याला फोनवर बोलायला विषय हवा म्हणून मी सासूबाईंना हे सांगितलं. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "आपल्यातलीही एक गेली होती. पण हे फोनवर बोलायचं नसतं. बोडणाच्या वेळी सांगतात."

बोडण ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगायला हवं. कोकणस्थांकडे लग्न झालं, मूल झालं की देवीचं बोडण भरतात. परातीत अन्नपूर्णा ठेवायची, भोवती सवाष्णी आणि एक कुमारिका बसवायची, पुरणाचे दिवे, दूध, दही, तूप, मध, साखर, घरात केलेला सगळा स्वयंपाक त्यात घालायचा आणि सगळ्यांनी मिळून हातांनी कालवायचं. कुमारिका म्हणजे साक्षात देवी. ती मागेल ते घालायचं, तिने पुरे म्हणेपर्यंत. पुरुषांनी पाहायचं नाही, दार लावून घ्यायचं. माझ्या लग्नानंतरच्या बोडणात मी मोजून पाहिलं तर एक पाट जास्तीचा होता. रांगोळी घातलेला, हळदकुंकू वाहिलेला, आणि रिकामा. मी विचारलं तेव्हा एका चुलत सासूने चापट मारल्यासारखं पुटपुटून सांगितलं, "पाण्यावरचीचा." पुढे काही नाही. नव्या सुनेने किती विचारायचं? पण फोनवरचं ते वाक्य ऐकल्यावर मी दोन्हींची सांगड घातली आणि गोष्ट मनातल्या मनात पुरी करून टाकली. आपल्याला त्या गोष्टी पाठच असतात. गुहागरकडचं घर, आठव्या वर्षी लग्न, नवव्या वर्षी सोवळी, माजघरात राबणारी. मग कुणी दीर नाहीतर भाऊजी. दिवस गेले, अंधारात बाळंत झाली, आणि लोकलाजेने त्या जिवाचा गळा दाबला. कोर्ट, गोरा साहेब, गलबत. घरच्यांनी नाव टाकलं आणि पाट ठेवला. मला तिची कणव यायची, छान, सुरक्षित कणव.

कॉरिडॉरमधल्या त्या सकाळनंतर ती कणव गेली आणि ती स्वतःच आली. दुपारी तन्मय झोपला आणि सासूबाईही लवंडल्या की ती माझ्याजवळ बसायची. भूत नव्हे, मी तसली नाही. पण मी तिच्याबद्दल विचार करायला लागले की थांबता यायचं नाही. गलबतावर तिला कुठे ठेवलं असेल, पुरुष कैद्यांत का वेगळं? ओकारीचा वास, दोरखंडाचा वास. किती दिवस तिला पान्हा येत राहिला असेल? मूल गेलं तरी पान्ह्याला ते कुठे कळतं. मग हे बेट, ही झाडं, हा चिकट उकाडा, हा न संपणारा पाऊस. एका शब्दाने तिच्याशी बोलणारं कुणी नाही. तिला तो चुना घोटायला बसवलं असेल का? मग कुणी परक्या मुलखातला कैदी येऊन समोर उभा राहिला असेल, साहेबाने विचारलं असेल, तिने मान हलवली असेल. आणि तिला पुन्हा मूल झालं असेल तर? इथे मी दर वेळी अडायचे. सुईणीने ते तिच्यापुढे धरलं असेल तेव्हा तिने हात पुढे केले असतील का?

पण माझ्या आणि तिच्यात एक फरक होता, आणि त्या फरकाने मला जास्तच पोखरलं. तिच्याकडे कारण होतं. सगळं गाव तिच्या उरावर बसलं होतं. तिने जे केलं ते तिच्याकडून करून घेतलं होतं. माझ्यावर कोण बसलं होतं? वातानुकूलित खोली, दहा तास पुरणारे डायपर, संध्याकाळी येताना पपई घेऊन येणारा नवरा. माझ्याकडे काही कारण नव्हतं, म्हणजे कारण मीच होते. ती बिचारी होती आणि मी वाईट. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की त्याची चवही लागेनाशी झाली.

सासूबाईंचं विमान सोमवारी संध्याकाळचं होतं. त्यांचा इथे राहायचा पासही संपत होता. मंगळवारी पहाटे सुबोध चार दिवस जकार्ताला जाणार होता. म्हणजे मंगळवारी सकाळी दार लागलं की आत मी आणि तो. दुसरं कुणी नाही. मी हे कॅलेंडरवर न बघता बघत होते. एकदा भीत भीत म्हणून पाहिलं, "आई, राहा ना अजून थोडं. पास वाढवून मिळतो." पुण्याला सासऱ्यांना ठेवून आलेल्या त्या पोळीला तूप लावत म्हणाल्या, "आणि तिकडे नानांचे गुडघे कोण बघणार? ऑपरेशनमुळे आधीच मला यायला उशीर झाला. तुला काय कमी आहे गं? मशीन कपडे धुतं, मशीन भांडी घासतं, पोरगा देवासारखा निजतो. दोन महिने एकटीने काढलेसच की." मी म्हटलं, "हो, काढले." ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. रात्री सुबोधला म्हटलं, "जकार्ता पुढे नाही ढकलता येणार?" तो म्हणाला, "क्लायंट आहे गं. का, काय झालं?" "काही नाही." तो लगेच झोपला. मला त्याचा इतका राग आला की मला बरंच वाटलं. निदान तो राग कुणावर आहे ते कळत होतं.

जायच्या आधी बोडण मात्र व्हायलाच हवं होतं. रविवार ठरला. सासूबाईंनी अन्नपूर्णा पर्समध्ये रुमालात बांधून आणली होती. सेरंगून रोडवरच्या भारतीय दुकानांतून चण्याची डाळ, गूळ, विड्याची पानं आणली. सवाष्णी कोकणस्थच हव्यात हा आग्रह पहिल्याच दिवशी ढिला पडला. मीनल देशस्थ निघाली आणि इथल्या मराठी मंडळातल्या दुसऱ्या दोघींपैकी एक नागपूरची. "परदेशात देवीला चालतं," सासूबाईंनी स्वतःच निकाल दिला. नंतर ते कालवलेलं कुठे टाकायचं यावर खरी परिषद भरली. घरी गायीला घालतात. बिशानमध्ये गाय कुठून आणायची? सुबोध म्हणाला, कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये सोडू. त्यावर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून बाहेरच गेला. शेवटी मीनलच्या मोठ्या कुंडीत पुरायचं ठरलं. मीनलची सात वर्षांची मैत्रेयी कुमारिका. तिला परकर नेसवला होता, त्याखाली तिने फुटबॉलची चड्डी तशीच ठेवली होती.

आम्ही बेडरूममध्ये बसलो. पलंग भिंतीला लावून उभा केला. सुबोध तन्मयला घेऊन हॉलमध्ये, दार लावलं. सासूबाईंनी सहा जणींचे पाट म्हणून फळ्या, उशा, जे मिळेल ते मांडलं, आणि सातवा, घरातला एकुलता एक खरा लाकडी पाट, रिकामा ठेवला. त्याला हळदकुंकू वाहिलं. मी तिकडे बघितलं नाही. परातीत हात घातले. दूध कोमट होतं, पुरण हाताखाली मऊ फुटत होतं, सहा जणींची बोटं एकमेकींत अडकत होती आणि कुणाचं बोट कुठलं ते कळेनासं झालं. मला हे फार आवडलं, कारण काही वेळ माझे हात माझे नव्हते. "काय हवं देवीला?" सासूबाई विचारायच्या. मैत्रेयी आधी लाजली, मग इथल्या इंग्रजीत रंगात आली. "मोअर हनी. मोअर मिल्क. आइस्क्रीम कॅन?" "नो कॅन," मीनल म्हणाली. सगळ्या हसल्या. शेवटी देवी कंटाळली. "ओके, पुरे लाह. सो स्टिकी." तिचे हात धुऊन दार जरासं उघडून तिला बाहेर सोडली आणि दार पुन्हा लावलं. तिकडून तन्मयचं कुरकुरणं ऐकू आलं आणि माझी छाती भरून ओली झाली.

"आता सांगते," सासूबाई म्हणाल्या. "कुमारिका गेल्यावरच सांगायचं असतं. आमच्या घरातली ही, कंपनी सरकारच्या वेळी पाण्यापलीकडे पाठवली. इकडेच, म्हणतात. मूल मारलं म्हणून."

"विधवा होती ना," मी म्हणाले. मला ते लवकर संपवायचं होतं.

"विधवा कुठली?" त्या माझ्यावरच खेकसल्या. "विधवेचा पाट बोडणात मांडतात का? इतकी वर्षं झाली लग्नाला, एवढं कळत नाही? सवाष्ण होती. म्हणून तर मांडतो. नवरा होता, सोन्यासारखा. सासू होती, घरात दूधदुभतं होतं. मुलगा झालेला, पहिला, तीन महिन्यांचा. बारसं झालं होतं, सगळ्या गावाला जेवण घातलं होतं. एका सकाळी विहिरीवर गेली, परत आली ती एकटीच. का केलंस, तर म्हणे, माहीत नाही, मला नव्हतं करायचं. साहेबालाही तेच सांगितलं. कुणी म्हणालं बाधा, कुणी म्हणालं खोटं बोलते. तिच्या सासूने तेव्हापासून नेम घातला, या घरात बाळंतिणीला एकटी ठेवायची नाही. मूल मांडीवरून उतरेपर्यंत कुणीतरी बाई जवळ हवी. आणि हा पाट."

मी माझ्या हातांकडे बघितलं. मनगटापर्यंत पुरण आणि मध. मला नव्हतं करायचं. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं असतं तर असंच निघालं असतं, शब्दाला शब्द. तिच्याकडेही काही कारण नव्हतं. इतकी वर्षं मी तिच्या अंगावर एक कारण पांघरवून बसले होते, म्हणजे मला तिच्याकडे बघावं लागू नये. आणि मग मला दुःख व्हायच्या आधी संताप आला.

"मला ठेवलंत," मी म्हणाले.

"काय?"

"एकटी. मला ठेवलंत एकटी. दोन महिने. नेम होता ना घरात? मग माझ्या वेळी कुठे गेला?"

त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. "अगं, तो बाधेसाठी... सिंगापुरात कसली आलीय बाधा? इथे सगळं आहे, मला वाटलं..."

"आई, मला त्याच्याजवळ एकटीला ठेवू नका." माझा आवाज विचित्र शांत होता. "मला त्याला काही करायचं नाहीये. पण कठड्यापाशी हात सुटावेसे वाटतात. सुरी मी पिठामागे लपवलीय. म्हणून मी अंघोळ घालत नाही. मंगळवारी मी आणि तो दोघंच आहोत घरात. मला मंगळवार नकोय."

नागपूरच्या बाईने तोंडावर हात ठेवला, मधासकट. मीनल म्हणाली, "आज संध्याकाळीच डॉक्टरकडे जाऊ. अशू, हे होतं, याला औषध आहे, मी सांगते ना." मी तिच्याकडे बघतच नव्हते. मी सासूबाईंकडे बघत होते. नारळ, अंगारा, 'अभद्र बोलू नकोस', यापैकी काय येतं त्याची वाट बघत होते. त्यांनी परातीतून हात काढले आणि निथळत्या हातांनी माझं तोंड धरलं, गालांवर सगळं पुरण फासलं गेलं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "आणि मी तुला आळशी म्हणत होते," त्या म्हणाल्या. एवढंच. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "विमान गेलं खड्ड्यात. नानांना त्यांचे गुडघे सांभाळता येतील. सुबोध जकार्ताला जात नाही."

"त्याला नका सांगू," मी म्हणाले. आता मला रडू फुटलं होतं. "तो घाबरेल."

"घाबरू दे. तिच्या नवऱ्याला कुणी वेळेवर घाबरवलं नाही."

बोडण अजून उचललं नव्हतं. परात तशीच मधे होती, अन्नपूर्णा त्यात बुडालेली. मीनल म्हणाली, "काकू, अहो, पुरुषांनी बघायचं नसतं ना?" हात माखलेले होते, म्हणून सासूबाईंनी कोपराने दाराची मूठ दाबली, दार सगळं उघडलं आणि आपल्या मुलाला, सुबोधला, आत बोलावलं.